परवा म्हणजे किती तारीख?

दोन हजार तेवीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि नवघरमधल्या माझ्या शिलाईच्या दुकानात 'परवा या' म्हणायची सोय उरली नव्हती. मी गिऱ्हाइकाला 'परवा' म्हटलं की मागच्या स्टुलावरून आवाज यायचा, "परवा म्हणजे किती तारीख, काका?"

तुम्ही कधी शिंप्याकडे कापड टाकलं असेल तर तुम्हाला ठाऊक आहे, शिंप्याचा परवा लवकर उजाडत नाही. चाळीस वर्षं माझं तसंच चाललं होतं. स्टुलावरची ही पोरगी कामाला आली आणि तिने मला सरळ करून टाकलं. साबणाचा तुकडा घ्यायची आणि कापडाच्या उलट्या बाजूला तारीख टाकायची. तोंडात सुई धरलेली असली तर गिऱ्हाइकाला बोटांनी दाखवायची. चौदा तारीख म्हणजे आधी दहा बोटं, मग चार. आणि चौदाला कपडा तयार असायचा. उशीर होईलसं दिसलं तर मला जेवायला उठू द्यायची नाही.

तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. माणसं म्हसळ्याकडची. नवरा भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. हूक-काजं करायला म्हणून माझ्याकडे आली ती सहा वर्षं बसली.

मी चौथीपर्यंत शिकलेला. पण माप म्हणाल तर माझ्या हातून सूतभर चुकत नाही, हे मी कुणालाही तोंडावर सांगतो. बेव्हर्ली पार्कच्या एक बाई होत्या, शाळेतून रिटायर झालेल्या. एकदा त्यांनी ब्लाऊज परत आणला. बाही काचते म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, माप बरोबर आहे. दंड वाढलाय तुमचा."

बाई ब्लाऊज टेबलावर टाकून निघून गेल्या. हिने तोंडातली सुई काढली. "काका, चुकलं म्हणायचं होतंत. काय जातं?"

"चुकलंच नाही तर कशाला म्हणू?"

"त्यांना बरं वाटलं असतं."

"मी शिवायला बसलोय, बरं वाटवायला नाही."

ब्लाऊज मी खिळ्याला अडकवला. तो तिथेच राहिला.

मापाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर तिने रेघा आखून घेतल्या होत्या. रोज एक आकडा आणि मध्येच लाल टिंब. मला वाटलं उपवास असतील. एकदा विचारलं, "तुझ्या महिन्यात चतुर्थ्या किती येतात गं?" ती इतकी हसली की मांडीवरचे हूक सांडले. ते वेचता वेचता हळूहळू सांगितलं. पोटात अंडं तयार होतं तो दिवस अंगाच्या उष्णतेवरून कळतो, आणि मेडिकलमध्ये एक पट्टी मिळते तिच्यावरूनही कळतो. तो दिवस लाल टिंबाचा. घरात सासू, जाऊ, पुतणे, सगळे एका खोलीत, म्हणून वही इथे. माझी मुलगी तिच्याच वयाची, म्हणून मला सांगितलं असेल. दीड वर्ष ती रोज उठल्या उठल्या थर्मामीटर लावत होती. एक दिवस सोडलेला नाही. त्या वहीची मी साक्ष देतो.

गणपती झाले आणि पंधरवड्यात एका सकाळी ती आली ती सुई तोंडात धरूनच बसली. म्हटलं, आज काय अबोला? तिने आठ बोटं दाखवली. "आठ तारीख? कुणाचा कपडा?" तिने सुई काढली, साबण घेतला आणि माझ्या कापायच्या टेबलावर लिहिलं, ८ जून. मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मी नाक्यावरून पेढे आणले. ती म्हणाली, "काका, एवढ्यात कुणाला वाटू नका." दोघांनीच खाल्ले, शटर अर्धं ओढून.

नवरात्रात ती सोनोग्राफी करून आली. हूक हातात घेतले, परत खाली ठेवले.

"काय झालं गं?"

"माझ्या तारखेने सात आठवडे झालेत. मशीनमध्ये साडेपाचचंच दिसतंय. नुसती पिशवी. ठोके नाहीत."

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तारखा पुढेमागे होतात. अंडं उशिरा तयार झालं असेल तर बाळ अजून लहान आहे, ठोके येतील. बारा दिवसांनी परत या म्हणाल्या."

आता माझी अक्कल बघा. मला एवढंच ऐकू आलं की तिच्या तारखेवर कुणी शंका घेतली. बाईंनी माझ्या बाहीवर घेतली होती तशीच. मी उसळलो. "तुझी तारीख चुकेल? शक्य नाही. मशीनच चुकलं असेल. छातीठोक सांग त्यांना, मी बघतोय दीड वर्ष." ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आधार वाटला तिला.

दिवाळीचे कपडे छतापर्यंत साचले होते. ती मधेच वही काढायची, लाल टिंबावर बोट ठेवायची.

"काका, त्या दिवशी मी उशिरा आले होते का हो? उशिरा उठले असेन तर आकडा चुकतो."

"छे. नऊच्या आधी हजर होतीस."

"पट्टी जुनी असेल का?"

"मेडिकलवाला जुनी देईल कशाला?"

"ताप असेल मला तेव्हा."

"कसला ताप? त्या दिवशी तू चौदा ब्लाऊजना हूक लावलेस."

ती एक एक दार ढकलून बघत होती आणि मी बाहेरून कडी घालत होतो.

दुसऱ्या सोनोग्राफीच्या आदल्या संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "काका, एकदा म्हणा ना, तुझी तारीख चुकली असेल."

"का म्हणू? चुकलेली नाही."

"नसू दे. तरी म्हणा."

मी पायडल मारलं आणि शिवत राहिलो. तिने राहिलेल्या घड्या घातल्या. मग पर्स घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. दुपारी तिचा नवरा आला. पॉलिशने काळी झालेली बोटं एकमेकांत गुंतवून पायरीखालीच उभा राहिला. म्हणाला, "मास्टर, ती आता आठ-दहा दिवस येणार नाही. तिचीच तारीख बरोबर निघाली."

तो गेला आणि मी मशीनसमोर बसून होतो. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. तिची तारीख बरोबर, म्हणजे बाळ वाढलंच नव्हतं. बारा दिवस ती बिचारी आपली एक चूक शोधत होती. जन्मात पहिल्यांदा तिला चुकायचं होतं. आणि मी तिला चुकू दिलं नाही.

तुम्ही म्हणाल, तुमच्या म्हणण्याने काय झालं असतं? काही झालं नसतं. पण ती एक रात्र तिला झोप लागली असती.

दिवाळीनंतर ती परत आली. काम तसंच, टाका तसाच बारीक. एकदा समोरच्या बिल्डिंगमधली भाभी पंजाबी ड्रेस टाकायला आली. "कब मिलेगा?" मी मागे बघितलं. ती मान वर न करता म्हणाली, "परसों ले जाओ." त्यानंतर कपड्यांच्या उलट्या बाजूला तारीख दिसली नाही. टेबलावरचा ८ जून कापडं सरकून सरकून केव्हा पुसला गेला ते मला सांगता येणार नाही. आम्ही दोघांनी तो हाताने पुसला नाही एवढं खरं.

मे महिन्यात ते दोघं खोली सोडून म्हसळ्याला निघाले. आदल्या संध्याकाळी तिने मापाची वही माझ्या हातात दिली. शेवटची पानं टाक्यापासून नीट काढून घेतली होती, फाडल्याचं कळूसुद्धा नये अशी.

"येते, काका."

"परत कधी?"

"परवा," ती म्हणाली आणि हसली. दिवाळीनंतरचं तिचं ते पहिलं हसू. परवा म्हणजे किती तारीख, हे माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. ती नाक्यावरून वळेपर्यंत मी पायरीवर उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं आणि खिळ्यावरचा ब्लाऊज काढला. धूळ झटकली, दोन्ही बाह्या उसवल्या, टेप लावला. माप बरोबर होतं. सूतभर फरक नव्हता. तरी मी आतलं दाबलेलं कापड सोडलं, अर्ध्या इंचाने बाह्या सैल केल्या, इस्त्री फिरवली आणि बस पकडून बेव्हर्ली पार्कला गेलो. बाईंनी दार उघडलं. ओळखायला त्यांना वेळ लागला.

"अहो मास्टर, याच्यासाठी एवढ्या लांब आलात? खरंच चुकलं होतं का माप?"

"हो बाई," मी म्हटलं. "माझं चुकलं होतं."