कोटाचं अस्तर

सांध्यांच्या दुखण्याने शिंपीणमावशींची बोटं आखडली, मशीन बंद पडलं आणि सरकारी मदतीवर दिवस काढायची वेळ आली. त्याचं त्यांनी कधी रडगाणं गायलं नाही. पण घरमालकाने खोली खाली करा म्हणून तगादा लावला आणि या बधत नाहीत म्हटल्यावर नळाचं पाणीच तोडलं, तेव्हा मात्र त्यांनी कंबर कसली.

"ताई, वकील काय आपल्याला परवडतो होय?" धाकटी बहीण म्हणाली. "सोड ती खोली. चल माझ्याकडे."

"तुझ्या घोरण्यापेक्षा कोर्ट बरं. आणि मदतीवर जगणाऱ्यांना वकील फुकट मिळतो म्हणे."

"फुकटचा वकील! उभा राहील आणि बसेल."

"बसू दे की. मी आहे ना उभी!"

गबाळ्या वेशात कोणाच्या दारात जायचं नाही, हा मावशींचा धंद्यातला बाणा. त्यांनी ट्रंकेतून लांब कोट काढला. हात चालत होते तेव्हा शिवलेला, अजून कडक. आणि नेमकं तिथेच घोडं अडलं.

मोफत मदतीच्या कार्यालयातल्या कारकुनाने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "बाई, ही सोय गरिबांसाठी आहे. तुमच्यासारख्यांचे वकील समोरच्या इमारतीत बसतात."

मावशींनी कोट उतरवला आणि उलटा करून त्याच्या टेबलावर पसरला. अस्तर म्हणजे नुसती ठिगळं. कुणाच्या पडद्याचा पट्टा, कुणाच्या गणवेशाची खाकी, कुणाच्या चादरीतली उरलेली फुलं.

"सुलट बाजू लोकांसाठी, साहेब. उलटी आज तुम्हालाच दाखवतेय. आता माझं मदतीचं कार्ड बघता?"

कारकून वरमला. मागच्या टेबलावरची तरुण वकीलबाई मात्र खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, "या मावशी, इकडे बसा. पाणी तोडताना कोणी पाहिलं?"

"सगळ्या जिन्याने पाहिलं. बोलायला मी लावते."

सुनावणीच्या दिवशी शेजारपाजार हजर होता, पण वकीलबाईंचा काळा कोट काखेत उसवलेला. मावशींनी पर्समधून सुई काढली. बोटांना दोरा ओवता येईना, म्हणून कुरकुरत बहिणीने ओवला.

"अहो, मला तुमच्याकडून काही घेता येत नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"घेऊ नका. हात तेवढा वर करा. तुम्ही माझी बाजू मांडताना जजसाहेब काखेकडे बघत बसायला नकोत."

टाके वाकडेतिकडे पडले, पण पक्के. वकीलबाई उभ्या राहिल्या, त्या शेजाऱ्यांच्या साक्षी होईपर्यंत बसल्याच नाहीत. पाणी आजच्या आज जोडा आणि बाईंना खोलीतून हलवायचं नाही, असा हुकूम झाला.

संध्याकाळी नळ आधी खाकरला, मग धो धो वाहू लागला. बहीण त्याच्याकडे बघतच राहिली.

"बोलली हो तुझी फुकटची वकील."

"राहा आज इथेच," कोट खुंटीला लावत मावशी म्हणाल्या. "फक्त घोरायचं नाही. खोली माझी आहे."