सुनेच्या रानमुगाची उसळ

वर्तकनगरच्या बायांनो, आज मी सुनेचा अभ्यास फोडणीला टाकला!

ओट्यावर फडक्यात मोड आलेला रानमूग दिसला, तो मी आमच्या मुगात घालून उसळ केली.

कल्याणच्या कॉलेजला निघालेली सून ओरडली, "आई, मला त्याच्या मुळांची टोकं हवी होती! रानमूग आणि आपला मूग यांची गुणसूत्रं ताडून नातं बघायचंय आज."

"नातेवाईक कढईत एकत्रच आहेत," मी म्हटलं. पोर रडायलाच लागली.

मग आठवलं. त्याच रानमुगाचे मोड न आलेले गणंग दाणे मी परवा कढीपत्त्याच्या कुंडीत फेकलेले. बघते तर फुटलेत! मातीसकट काढून डब्यात दिले.

संध्याकाळी हसत आली. "आई, नातेवाईक उरलेत का वाटीभर?"

तुम्ही कधी कोणाचा अभ्यास शिजवलाय का? खरं सांगा.