तरोट्याची भाजी, माझ्या हातची

मी आयुष्यात एकदाच भाजी केली, आणि ती खाऊन माझ्या आईने गावी जायचा बेत रद्द केला. ऐकायला हे कौतुकाचं वाटतं. तसं ते नाही.

गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मायला आम्ही सालेकशाकडच्या गावाहून कुडव्याला आमच्या घरी आणलं होतं. शेत ठेक्याने दिलं, घराला कुलूप लावलं. पण तिचा धोशा एकच, "मले एस्टीत बसवून दे." ताटात फुलकोबी दिसली की तिचं तोंड उतरायचं. "हे का भाजी होय? कापूस खाल्ल्यासारखं लागते." शेवटी एका सकाळी तिने पिशवी भरून दाराशी ठेवली. उद्या निघणार होती. त्या रिकाम्या घरात ती एकटी चूल पेटवणार, हे मला पटेना.

"तरोट्याचे दिवस हायेत," ती सहज म्हणाली. "गावात असती तं खाल्ला असता."

झालं! शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर तरोटा, म्हणजे पावसाळ्यात आपोआप उगवणारा टाकळा, नुसता माजला होता. मी पिशवी घेऊन कोवळे शेंडे खुडू लागलो. समोरच्या किराणावाल्याने विचारलं, "भैया, गाय ले ली क्या?"

"नहीं, माँ के लिए."

तो आमच्या ओट्यावर बसलेल्या मायकडे फार दयेने पाहू लागला.

बायकोला मी स्वयंपाकघराबाहेर काढलं. ("येते का तुम्हाले?" "लहानपणापासून खाऊन राहिलो." खाणं वेगळं आणि करणं वेगळं, हे ती बोलली नाही. आमचा संसार असाच टिकला आहे.)

तेल, लसूण, मिरची, वर धुतलेला पाला. कढईवर डोंगर उभा राहिला, झाकण बसेना. आता मीठ किती? माय कधी मोजत नाही, भाजी पाहून तिचा हात चालतो. मीही भाजी पाहिली आणि डोंगराच्या मानाने मीठ घातलं. झाकण दाबून आंघोळीला गेलो.

येऊन पाहतो तर डोंगर गायब. तळाला मूठभर हिरवं काहीतरी चिकटलेलं.

"भाजी काढून ठेवली का तू?" मी बायकोला विचारलं.

"मी कायले काढू?"

तेवढ्यात माय जेवायला बसलीसुद्धा. चव बघायला वेळच मिळाला नाही. तिने एक घास खाल्ला. मग तांब्याभर पाणी प्याली. मग माझ्याकडे पाहिलं.

"बाबू, मीठ कवा टाकलं?"

"पाला टाकला तेव्हाच."

"ढीग पाहून?"

"हो."

"काऊन रे येड्या? पाला शिजला का बसते. मंग टाकाव मीठ."

ती उठली, पदर खोचला आणि कुडव्याला आल्यापासून पहिल्यांदा गॅससमोर उभी राहिली. "जाय, आखीन पाला आन."

मी पुन्हा प्लॉटवर. "दो गायें हैं क्या?" किराणावाल्याने विचारलं. मी मान खाली घालून खुडत राहिलो.

खारटपणा मारायला मायने नवा पाला घातला, मग शिजवलेली चणाडाळ, मग तांदळाची कणी. कढई पुरेना म्हणून पातेलं आलं. पातेलं भरलं तेव्हा गल्लीत घरोघरी वाट्या गेल्या. किराणावाला रिकामी वाटी परत करायला स्वतः आला. "अम्मा, कल भी बनेगी क्या?" माय कितीतरी दिवसांनी मनापासून हसली.

दुसऱ्या दिवशी एस्टीची वेळ झाली तेव्हा ती पिशवीतली लुगडी पुन्हा कपाटात ठेवत होती.

"जाऊन नाही राहिली का?" मी विचारलं.

"कशी जाऊ? पोरगा पन्नाशीले आला, अजून मीठ समजत नाही. सून उपाशी मरन माही."

अजूनही कधीमधी तिला गाव आठवतं आणि ती पिशवी काढते. मी समजूत घालत बसत नाही. स्वयंपाकघरात जातो आणि मिठाचा डबा जरा वाजवून उघडतो. पिशवी लगेच कपाटात जाते.