पहिला घास अक्कांचा

भाग्यलक्ष्मी अक्कांच्या टोळीत सहापेक्षा जास्त माणसं कधी नसतात. सातव्याने कितीही गळ घातली तरी त्याला पुढच्या रविवारी या म्हणून सांगितलं जातं. कारण विचारलं तर अक्का म्हणतात, "सहाच्या वर गेलं की मागचा माणूस नुसता रस्ता ओलांडतो, बघत काही नाही." बेंगळूरुच्या जुन्या पेठेतले रस्ते ज्यांनी ओलांडलेत त्यांना हे लगेच पटेल.

अक्कांचं घर कॉटनपेटेत. पूर्वज इकडे केव्हा आले याचा हिशोब घरात कुणालाच ठाऊक नाही. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड, आणि भांडण झालं तर दोन्ही, अशी घरची रीत. वडील मिलिटरी हॉटेलात आचारी होते. नावावरून पलटण डोळ्यांसमोर आणू नका. मटण आणि भात मिळणाऱ्या साध्या खानावळीला या गावात तेच म्हणतात. रश्शात मीठ बेताचं पडलं की नाही हे वडील लहानग्या भाग्यलक्ष्मीला विचारायचे, आणि तिने नाक मुरडलं तर गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल, पातेलं खाली उतरत नसे. पुढे बळेपेटेतल्या एका मसाल्याच्या दुकानात अक्कांनी उमेदीची सगळी वर्षं सांबाराची पूड चाखण्यात घालवली. दुकान बंद झालं तेव्हा नवरा योगीराज म्हणाला, "आता ही जीभ घेऊन करणार काय? माझ्याशी भांडायला एवढी लागत नाही." मग अक्कांनी माणसं फिरवायला सुरुवात केली. सकाळी किल्ला, टिपूचा महाल, जुनी पेठ, आणि मध्ये मध्ये खाणं. त्याला आता बारा वर्षं झाली.

या फेरीचा एकच नियम होता. कुठल्याही दुकानात पहिला घास अक्कांचा. त्यांनी मान हलवली की मग पाहुण्यांनी हात लावायचा. नाही हलवली, तर सगळ्यांनी उठून पुढच्या दुकानात जायचं. उठताना अक्का दुकानदाराला काय बिघडलंय ते तोंडावर सांगत आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याच दुकानात जात. सुरुवातीला दुकानदार चिडले, मग घाबरले आणि शेवटी रविवारची वाट बघायला लागले. ज्या गावात पाहुणे आणून देणारा माणूस दुकानदाराकडून आपला वाटा मागतो, तिथे ही बाई फुकटात शिव्या देऊन जाते, याचं त्यांना फार अप्रूप होतं. मलाही आहे.

आणि अक्कांची चव गेली. संक्रांतीनंतर ताप आला, चार दिवसांत उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल तेव्हा येईल. फोडणीचा धूर डोळ्यांना झोंबायचा, नाकाला पत्ता नसायचा. लोणचं खाल्लं काय नि भिजलेला कागद खाल्ला काय, सारखंच. हे फक्त योगीराजला माहीत होतं. त्याने दोनदा सुचवलं की फेरी थोडे दिवस बंद ठेवू. अक्का दोन्ही वेळा उठून आत गेल्या. घरात बसायची त्यांना भीती वाटत होती. चव सांगणं काढून घेतलं तर आपल्यात उरतं काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नाही, कारण उत्तर ऐकायची तयारी नव्हती.

म्हणून रविवार चालू राहिले. इडलीची वाफ कशी निघते, बोटाने दाबल्यावर ती कशी वर येते, वाढणारा माणूस नजर चुकवतो की नाही, एवढ्यावर त्या मान हलवत. आश्चर्य म्हणजे सगळं निभावत होतं. इतके रविवार गेले, एकदाही घात झाला नाही. त्यांना वाटलं, आपले डोळेच जिभेचं काम शिकले.

मे महिन्यातल्या त्या रविवारी सहा जण आले. त्यांतले दोघे पुण्याचे, निवृत्त शरच्चंद्र आणि त्यांच्या पत्नी सुनंदाताई, मुलाकडे आलेले. एक मारतहळ्ळीला राहणारी नागपूरची सिद्धी, आयटीतली, बोलायला फटकळ. उरलेले तिघे तिच्याच ऑफिसातले, आणि त्यांचं सगळं लक्ष नाश्ता केव्हा याच्याकडे.

किल्ल्यात अक्का नेहमीसारख्याच रंगल्या. दिल्ली दरवाजाच्या दगडावरचे हत्ती दाखवले. इंग्रजांनी तट कुठे फोडला ते सांगताना आवाज इतका चढवला की बाहेरचा फुलवाला डोकावून गेला. शरच्चंद्रांनी पुणेकराला शोभेल असा प्रश्न विचारला, "शहाजीराजांचा वाडा नेमका कुठे होता?"

"साहेब, जहागीर होती हे खरं. राजे इथं राहिले हेही खरं. पण वाड्याच्या जागेवर जो बोट ठेवून दाखवेल ना, त्याच्याशी स्वल्प सांभाळून बोला."

सगळे हसले. टिपूच्या महालात लाकडी खांबांमधून त्यांना फिरवताना अक्कांच्या चेहऱ्यावर काळजीचं नाव नव्हतं. इतिहासाला चव नसते, तिथे त्या निर्धास्त होत्या. पहिल्या दुकानातली ताटाएवढी इडलीही पार पडली.

दुसरं दुकान गल्लीतलं, लोण्याच्या डोशाचं. मालक एका लग्नासाठी तुमकूरला गेला होता आणि नवीन वाढप्या एकटाच घाई करत होता. डोसा उत्तम दिसत होता, कडा कुरकुरीत, लोणी वितळत होतं. अक्कांनी तुकडा मोडला, खोबऱ्याच्या चटणीत बुडवला, चावला आणि मान हलवली. "सरी, ठीक आहे. घ्या."

सिद्धीने पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. "अक्का, ही चटणी आंबली आहे."

अक्कांचा हात थांबला. खरं सांगायचं तर त्यांना त्या क्षणी वाढप्याचा राग यायला हवा होता. पण भरली ती नुसती धडकी. आणि बारा वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. हसून म्हणाल्या, "इकडची चटणी स्वल्प आंबटच असते गं. सवय नाही तुला."

सिद्धीने ताटली बाजूला सारली. सुनंदाताई मात्र वेगळ्या वळणाच्या. यजमानाने वाढलेलं नाकारायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यांनाही चटणी खटकली होती, चेहऱ्यावर दिसत होतं. पण अक्का म्हणाल्या आहेत म्हणजे असेलच तशी, असं मानून त्यांनी आणखी एक घास चटणीत बुडवला, गिळला आणि अक्कांकडे बघून म्हणाल्या, "छान आहे हो. वेगळी आहे."

तो शब्द अक्कांना चपराकीसारखा बसला. ही बाई आपल्या भरवशावर नासलेलं खाते आहे. त्यांनी पुढे होऊन सुनंदाताईंच्या ताटलीवर आडवा हात धरला.

"खाऊ नका. कुणीच खाऊ नका. ही चटणी खराब आहे, सिद्धीचं खरं आहे. मला कळलं नाही. मला काहीच कळत नाही. चार महिने झाले, माझ्या जिभेला चव नाही. मी तुम्हाला फसवलं."

वाढप्याने चटणीचं भांडं निमूटपणे आत नेलं. गल्लीत येऊन अक्का म्हणाल्या, आजची फेरी इथेच संपली, आणि यापुढची कुठलीच होणार नाही. डोळे भरले होते, पण त्यांनी पुसले नाहीत. पुसले असते तर रडते आहे असं दिसलं असतं.

सुनंदाताईंनी अक्कांचा दंड धरला आणि तो सोडला नाही. सिद्धी म्हणाली, "अक्का, फेरीचं नंतर बघू. आत्ता तोंडातली ही चव घालवायला कॉफी पायजे. कुठे मिळते?"

कॉफी मिळायची ती पुढच्या कोपऱ्यावर वादिराज अण्णांकडे. अण्णा म्हणजे पेठेतला सर्वांत कडक माणूस. गल्ल्यामागे भस्म-चंदनाची पेटी, आणि उधारीवाल्याकडे बघायची एक खास नजर. अक्कांची नि त्यांची ओळख बारा वर्षांची आणि त्यातली पहिली तीन भांडणाची. अक्का सरळ गल्ल्यापाशी गेल्या आणि कन्नडमध्ये एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"युगादीला तुम्ही इथे आला होतात. मी बेवू-बेल्ल दिलं."

कडुनिंब आणि गूळ एकत्र करून वर्षाच्या पहिल्या दिवशी खायचा हा इकडचा रिवाज. गोड-कडू दोन्ही सोसायचं, असा त्याचा अर्थ. अण्णा पुढे म्हणाले, "त्या दिवशी आमचा माणूस गूळ घालायचाच विसरला होता. वाटीत नुसता कडुनिंब. माझा जावई तो थुंकायला मोरीपर्यंत पळाला. तुम्ही मूठभर खाल्लात, वर म्हणालात, अण्णा, गूळ यंदा चांगला मिळाला."

अक्कांनीच हे मराठीत करून सांगितल्यावर सिद्धी हसली आणि लगेच ओशाळली. अक्का हसल्या नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, "मग तेव्हापासून..."

"तेव्हाच मी सगळ्यांच्या कानावर घातलं. रविवारी तुम्ही यायच्या आधी आता आम्हीच चाखतो. इडलीवाला, मी, होळिगेवाली, सगळे. बिघडलं असेल तर फेकतो, नवं करतो. डोसेवाला लग्नाला गेला, जाताना नव्या माणसाला सांगायचं विसरला. मी आज त्याला सोडणार नाही."

म्हणजे डोळे जिभेचं काम शिकले नव्हतेच. अक्कांना खूप राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. "मला सांगायचं नाही? इतके दिवस मी इथे येऊन माना हलवतेय, आणि तुम्ही सगळे बघत बसलात?"

"अक्का," अण्णा म्हणाले, आणि त्या कडक माणसाचा आवाज पहिल्यांदाच उतरला, "बारा वर्षं तुम्ही आम्हाला तोंडावर सांगितलंत. तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत या गल्लीत आहे कुणाची? आणि तुम्ही यायचं थांबवलं असतंत तर आम्ही काय केलं असतं? पुन्हा शिळंच विकायला लागलो असतो."

कॉफी आली. अक्कांनी पितळी पेला हातात धरला, गरम लागला, तेवढंच कळलं. पण त्या पूर्ण प्यायल्या. पेला खाली ठेवून शरच्चंद्र म्हणाले, "अजून एक दुकान राहिलंय ना? आम्ही सहाही जण आहोत."

होळिगेवालीचा तवा रस्त्याच्या कडेलाच असतो. होळिगे म्हणजे आपल्या पुरणपोळीची इकडची बहीण, केळीच्या पानावर थापतात आणि तुपात सोडतात. बाईने पहिली काढून सवयीने अक्कांपुढे धरली. अक्कांनी तुकडा मोडला. तोंडाकडे गेलेला हात परत आला, आणि तो तुकडा त्यांनी सिद्धीच्या हातावर ठेवला.

"तू खा. आणि सांग. माझी भीड धरायची नाही."

सिद्धीने खाल्लं. डोळे मिटून चावत राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, होळिगेवाली तर उलथणं हातात धरूनच उभी.

"आधी तूप," सिद्धी म्हणाली. "घरचं वाटतं, किंचित करपल्यासारखं, पण ते छानच लागतंय. मग खोबरं येतं. आमच्याकडे पुरणात खोबरं नसतं, म्हणून आधी विचित्र वाटलं. पण ओलं आहे, दाताखाली येतं. गूळ काळा असावा, घशात थोडा खवखवतो. वेलची..." ती थांबली. "वेलची जास्त झालीय, अक्का. शेवटी तीच एक उरते."

अक्का ऐकत होत्या. बारा वर्षं त्यांनी लोकांना चव सांगितली होती, त्यांना कुणी कधी सांगितली नव्हती. तूप, खोबरं, गूळ, सिद्धी जसजशी बोलत गेली तसतसं तोंडाला पाणी सुटत गेलं, चार महिन्यांत पहिल्यांदा. आता डोळे पुसायची त्यांना लाज वाटली नाही.

मग त्या होळिगेवालीकडे वळल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वेलची जास्त झालीय!"

"हौदु अक्का, खरंय," बाई म्हणाली, आणि पुरणाची परात मागे सारून तिने नवी डाळ शिजायला टाकली.