नानांची टोपी

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक आमच्या शेजारच्या सोनवणेनानांच्या हातात होतं. तिसरं मंगलाष्टक चालू असताना मंगल कार्यालयावरून हेलिकॉप्टर गेलं. नानांनी अंतरपाट सोडला, खिशातून घडी केलेली लष्करी टोपी काढली, ती डोक्यावर नीट बसवली आणि छताकडे बघून कडक सॅल्यूट ठोकला. नवरा-नवरीनं एकमेकांना वेळेआधीच पाहून घेतलं. अंतरपाट पडला म्हणजे लग्न लागलं, असं समजून पाहुण्यांनी उरल्यासुरल्या सगळ्या अक्षता टाकल्या. भटजी "अजून आहे, अजून आहे" म्हणत राहिले, पण वाजंत्री सुरू झाली होती.

नाना मूळ सटाण्याकडचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात फाटकावर नोकरीला लागले. नाशिकवरून लष्कराची हेलिकॉप्टरं रोज उडतात. आम्हा बाकीच्यांना त्यांचा आवाज ऐकूसुद्धा येत नाही. नानांना मात्र तो भिंतींच्या आत, झोपेत, मिक्सर चालू असतानाही यायचा. न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धी दाढी झालेले नाना रस्त्यावर येऊन सॅल्यूट करताना मी पाहिले आहेत. शिकाऊ वैमानिकांचं हेलिकॉप्टर एकाच जागी घिरट्या घालू लागलं की त्यांचे फार हाल होत. सोनवणेकाकू म्हणायच्या, "तिकडच्या पोरांना सुट्टी लागली की आमच्या घरातली कामं होतात."

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होतो. शंका आली की विचारायची सवय. एकदा म्हणालो, "नाना, टोपी काढून घालेपर्यंत हेलिकॉप्टर निघून जातं. तसाच सॅल्यूट केला तर?"

"उघड्या डोक्यानं?" नाना माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले. "सर, तो सॅल्यूट नसतो. ते कपाळावरची माशी हाकलणं झालं."

यामागची हकिकत मी कितीदा तरी ऐकली, कारण दर हिवाळ्यात त्यांचा फौजेतला सोबती वाघ चांदवडहून येई आणि दोघं ती ओट्यावर बसून भांडत भांडत सांगत. श्रीलंकेत जंगलातल्या रस्त्यावर त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. तिघं जबर जखमी झाले, त्यातले एक नाना. संध्याकाळच्या सुमारास लहानसं हेलिकॉप्टर उतरलं. त्यात दोघांचीच जागा होती. नाना मागे राहिले. वैमानिकानं "आता हूँ" म्हणून ओरडून सांगितलं आणि तो उडाला.

"मी म्हनलं, आता कशाचा येतो हा," वाघ सांगे. "अंधार पडाय लागला व्हता. वरून गोळ्या. मी ह्याला म्हनलं, सोनवण्या, देवाचं नाव घे."

"घरचं नाव घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. तू एकदम देवावरच गेलास."

"मग काय लावणी म्हनायची व्हती का?"

पण तो वैमानिक आला. नानांना आत टाकलं गेलं तेव्हा त्यांचा उजवा हात छातीशी बांधलेला होता आणि टोपी रस्त्यावर कुठेतरी पडली होती. "माणूस परत आला आणि मला त्याला धड सॅल्यूट करता आला नाही," असं ते सांगत. त्याचा चेहराही त्यांनी पाहिला नव्हता. म्हणून सगळ्याच हेलिकॉप्टरांना सॅल्यूट. "त्यातल्या एकात तो शे, असं धरून चालायचं," ते म्हणत. 'शे' म्हणजे 'आहे'; सटाण्याची बोली अशी मधेच डोकावायची.

तो सापडला वाघाला. वाघ गंगापूर रोडच्या एका बंगल्यात कांद्याची गोणी टाकायला गेला, तिथं भिंतीवर हेलिकॉप्टरचा फोटो दिसला आणि त्यानं चौकशी केली, तर श्रीलंका तीच, रस्ता तोच आणि संध्याकाळही तीच निघाली. नोकरीच्या शेवटी नाशिकला आलेले कर्नलसाहेब इथंच स्थायिक झाले होते. नाना इतकी वर्षं आकाशात बघत होते आणि साहेब सिटी बसच्या अंतरावर गुलाबांना पाणी घालत होते.

रविवारी साहेब घरी येणार असं ठरलं. त्या दिवशी पहाटे काकूंनी, पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून, नानांची टोपी धुऊन टाकली. वर्षानुवर्षांच्या घामाची ती टोपी. तिनं पाणी सोडायचं नावच घेतलं नाही. त्यातून साहेब तासभर आधी आले. नाना आतल्या खोलीतून बाहेर येईनात. मी आणि वाघ साहेबांना पोह्यांवर पोहे देत होतो आणि आतून इस्त्रीचा चर्र आवाज येत होता.

"जळंल ती," काकूंचा दबका आवाज आला. "तसेच जा की हो. माणूस भेटायला आलाय, टोपी नाही बघायला आला."

शेवटी नाना आले. टोपीचं पाणी कानामागून शर्टात उतरत होतं. त्यांनी टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला. एवढा ताठ सॅल्यूट मी पुन्हा पाहिला नाही. साहेब ताडकन उठले. हात वर येऊ लागला, पण अर्ध्यावर थांबला, कारण त्यांचं डोकं उघडं होतं. हात बाजूला चिकटवून ते नुसतेच सावधान उभे राहिले.

बसल्यावर नानांनी विचारलं, "साब, मुझे पहचाना?"

"नहीं," साहेब म्हणाले. "इतने लोग उठाए. चेहरे देखने का टाइम कहाँ था."

"फिर दोबारा क्यों आए?"

साहेबांना प्रश्नच कळला नाही. "बोला था ना, आता हूँ."

वाघ पोह्यांच्या बशीत बघत राहिला.

नाना खूश होते, पण पूर्ण नाही. पुढे कधीतरी ओट्यावर म्हणायचे, "सॅल्यूट पोचला, सर. उत्तर नाही आलं. साहेबांची चूक नाही. टोपी नव्हती. नियम तो नियम."

दोनेक वर्षांनी एका थंडीत नाना झोपेतच गेले. सकाळी त्यांना अंगणात आणलं तेव्हा वाघानं ती टोपी त्यांच्या डोक्यावर बसवली. गुरुजी काही बोलणार होते. वाघाचा चेहरा बघून बोलले नाहीत. मी फोन केला होता. साहेब फिरायला गेले होते, तिथूनच रिक्षानं आले. पायात कॅनव्हासचे बूट, अंगात स्वेटर आणि डोक्यावर हनुवटीखाली बंद बांधलेली तपकिरी कानटोपी.

सगळ्यांसारखं डोकं उघडं करायला त्यांनी बंदाला हात घातला. तेवढ्यात त्यांची नजर नानांच्या टोपीवर गेली. त्यांनी बंद पुन्हा बांधला, कानटोपी कपाळावर सरळ केली, बूट जुळवले आणि सॅल्यूट केला. बराच वेळ हात खाली आला नाही.

सुट्टीचा दिवस होता. आकाशात काही नव्हतं.

वाघानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "सर, कानटोपी चालती का?"

"नियम तुम्हाला माहीत," मी म्हणालो.

त्यानं डोळे पुसले आणि साहेबांकडे नीट निरखून पाहिलं.

"डोकं झाकल्यालं हाय," तो म्हणाला. "चालती."