मालसुनताईंची साक्ष

कोरियातल्या तेगू शहरात आमच्या चर्चमध्ये प्रवेशपरीक्षेच्या दिवशी पेपरच्या वेळापत्रकाप्रमाणे प्रार्थना चालते. तिकडे मुलांची घंटा, इकडे आम्हा आयांची. पेपर चालू असताना जागेवरून उठायचं नाही. आई उठली की पोर घसरतं, असं सगळ्या मानतात. हे देवाचं घर आहे की शिकवणीवाल्यांची शाखा, असं मी एकदा विचारलं होतं. कोणी हसलं नाही. पुढे माझीच मुलगी बोराम परीक्षेला बसली, तेव्हा मीही मुकाट पहिल्या बाकावर जाऊन बसले.

प्रार्थना चालवायच्या प्यो मालसुनताई. नवरा गेल्यावर सूपाची टपरी चालवून त्यांनी एकुलत्या मुलाला, हान्युलला वाढवलं आणि तो पहिल्याच फटक्यात सोलच्या मेडिकलला लागला. तेव्हापासून चर्चने ताईंना डोक्यावर घेतलं. रविवारच्या शाळेत पोरं येशूपेक्षा हान्युलच्याच गोष्टी जास्त ऐकायची. दरवर्षी गणिताच्या पेपरला ताईंनी माईकवर साक्ष द्यायची: हान्युल किती जागायचा, देवाने त्याला कसं तारलं.

त्या दिवशी घंटा झाली, गणिताचा पेपर सुरू झाला, आणि ताई बोलेचनात.

"बोला ताई, आया वाट बघताहेत," पाळकसाहेब म्हणाले.

"हान्युल सोलला नाही. मेडिकलला लागलाच नव्हता," ताई म्हणाल्या. "चार वर्षं झाली, घरातच आहे. खोलीबाहेर येत नाही. मी दाराशी ताट ठेवते, तो रिकामं करून सरकवतो. त्यावरूनच कळतं, आहे म्हणून. परवापासून ताटाला हात नाही लावलेला. हाक मारली तर ओ नाही. दार उघडायची माझी छाती होईना, म्हणून इथे पळून आले. कुणी येतं का माझ्याबरोबर?"

पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. "ताई, एवढा पेपर संपू दे. मग सगळेच जाऊ."

खरंच घसरली बोराम तर? जन्मभर मला बोल लावेल. पण गेला महिनाभर तीही धड जेवत नव्हती, आणि मी तिला अभ्यासाचं टेन्शन म्हणून सोडून दिलं होतं. ते आठवलं आणि मी उठले.

"बोरामच्या आई, वेड लागलंय का? पोरीचं वाटोळं कराल!" मागून कुणीतरी म्हणालं.

ताईंच्या घरी जिना चढताना त्यांनी माझं मनगट इतकं आवळलं होतं की बोटं बधिर झाली. दाराशी ताट होतं. सूपावर चरबी गोठलेली. मी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. आत काही हललं नाही. ताई मटकन खाली बसल्या. मग मीच मूठ फिरवली. दाराला आतून कुलूप नव्हतंच.

आत अंधार आणि कोंदट वास. मला वाटलं, उशीर झाला. मग भिंतीशी काहीतरी हललं. दाढी वाढलेला, हाडं वर आलेला हान्युल दोन्ही कानांवर हात ठेवून बसला होता. ताई रांगतच त्याच्यापाशी गेल्या.

त्याने हात काढले. आईकडे बघून तो लहान पोरासारखा मागे सरकला.

"आई, यंदा मला बसवणार नाहीस ना परीक्षेला?"