प्लॅस्टिकखालची गाडी

गाडी घेतली तेव्हा आमच्या ह्यांनी दारांवरचं आणि सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक कुणाला काढूच दिलं नाही. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, सगळी शिस्त त्या गाडीवर. पायाखालचं मॅटिंग खराब होऊ नये म्हणून त्यावरही जाड प्लॅस्टिक अंथरलेलं. कोरेगावच्या शेतातून निघताना आम्ही चपला हातात घेऊन गाडीत बसायचो. उन्हाळ्यात पाठ घामाने चिकटली की मी करवादायचे. हे म्हणायचे, "वीस वर्षांनी बघ, सीट नवी कोरी असेल." दर रविवारी आतूनही बादलीभर पाण्याने धुलाई.

गेल्या महिन्यात छताचं कापड सुटून ह्यांच्या टकलावर लोंबायला लागलं, तेव्हा कुठे हे कराडच्या सीट-कव्हरवाल्याकडे जायला तयार झाले. सांगलीहून आम्ही तिघं निघालो. मी नेहमीसारखी पुढे, डाव्या सीटवर, मांडीवर चार वर्षांची नात. वाटेत एक ट्रक आडवा आला आणि ह्यांनी कचकन ब्रेक मारला. आम्ही हसलोसुद्धा.

कारागिराने छत उतरवलं आणि नाक मुरडलं. "काकू, खालचं पण उघडू का? लय कुबट वास येतोय."

हे नको नको म्हणेपर्यंत त्याने प्लॅस्टिक ओढलं होतं. खाली मॅटिंगचा काळा चिखल झालेला. तो बाजूला सारला आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. तिथे पत्रा नव्हता. भोकातून दुकानासमोरची माती दिसत होती. इतक्या वर्षांचं रविवारचं पाणी प्लॅस्टिकखाली साचत राहिलं होतं, वाळायला वाटच नव्हती. त्याने डाव्या सीटला हात घातला, तर ती बोल्टांसकट उपटून वर आली.

"हितं कोण बसतं?" तो घाबरून म्हणाला.

"मी. आणि ही."

मला तो ट्रक आठवला. मी नातीला उचलून भिंतीला टेकले. आम्ही दोघी रस्त्यावर कशा पडलो असतो, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. ह्यांनी त्या सीटवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "सीटला मात्र ओरखडा नाही."

"सीट नवीच हाय, आबा," कारागीर म्हणाला. "पर बसवायची कशावर?"

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. वळून त्यांनी नातीला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

मी दिली नाही.